बदलापूरच्या जांभळाची पाटी

१८५६चा मे महिना. कल्याणहून खोपोलीकडे आगगाडी नुकतीच सुरू झालीय. बदलापुरात उल्हास नदीच्या काठी तुम्ही भाताच्या खाचरात उभे आहात. बांधावरच्या जांभळी कुणी लावलेल्या नाहीत. पाखरांनी टाकलेल्या बियांतून उगवल्यात. फळ पोरं खातात, उरलेलं सडतं.

आता १९५०च्या जूनमध्ये या. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहतायत. गेल्याच वर्षी तिचं नाव उल्हासनगर झालंय. अंबरनाथला कारखाने आहेत. म्हणजे फळाला गिऱ्हाईक आहे.

पहाटे घरधनीण हाक मारते, "चढ रे बाबा, पण पाय फांदीच्या मुळाशीच ठेव." जांभळीचं लाकूड ठिसूळ, टोकाला भार दिला की काडकन मोडतं. झाड हलवून चालत नाही, पडलेलं फळ फुटतं. एकेक घोस हातानं तोडून, पाटीत पळसाची पानं अंथरून, दोरीनं खाली सोडायचा. सकाळचं टपोरं जांभूळ संध्याकाळी मऊ पडतं. त्यामुळे ते आजच विकायला हवं, आणि रस्त्याच्या कडेइतकी जवळची बाजारपेठ कुठली? घरधनीण तिथेच बसून पानांवर वाटे लावते. चिमूटभर मीठ फुकट.

पुढची वर्षं भराभर जातात. पाटीवर ताडपत्री येते, वाट्यांच्या जागी तराजू येतो. मेमध्ये करवंदं, फणस. पहिल्या पावसानंतर शेवळं, मग टाकळा, कंटोली. शेजारी ठाकूर, कातकरी बायका आपापल्या टोपल्या घेऊन बसतात. घरच्या भातानं पोट भरतं, पण पोरांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे याच टोपलीतून निघतात.

मग २०११. दहा वर्षांपूर्वी बदलापूरची लोकसंख्या लाखाच्याही आत होती, आता पावणेदोन लाखांच्या घरात. गिऱ्हाईक वाढलं, पण खाचरांवर इमारती आल्या आणि बांधांबरोबर जांभळीही गेल्या. माझ्या मते या गावाचं हे सर्वांत मोठं नुकसान आहे.

२०२३मध्ये बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं. हा मान हक्काचाच. पण मानांकनानं झाडं उगवत नाहीत.

येत्या जूनमध्ये रस्त्यावरच्या त्या बाईकडून घासाघीस न करता जांभळं घ्या. बी फेकू नका, सोसायटीच्या आवारात पुरा. बियांपासून वाढलेल्या झाडाला फळ धरायला आठ-दहा वर्षं लागतात.