करोडगिरी नाका ते न्हावाशेवाचं सील : वाटेतल्या मालाला जामीन कोण?

मंडळी, आज जरा रुक्ष वाटणारा विषय घेतोय. पण वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात ज्यांची रोजीरोटी आहे आणि ज्यांच्या घरात कुणाची ट्रक किंवा ट्रेलर आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. कारण हा इतिहास थेट आपल्या खिशाशी जोडलेला आहे.

आपलं शहर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. म्हणजे मुंबई आपल्यासाठी परमुलूख! संस्थानाची स्वतःची जकात होती आणि ती वसूल करणारं खातं म्हणजे करोडगिरी. जुन्या माणसांना विचारा, 'करोडगिरी नाका' हा शब्द अजून त्यांच्या तोंडात आहे. १८०२ साली निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात व्यापारी तह झाला, त्यात जकातीचा दर पाच टक्के ठरला. पुढे पहिल्या सालारजंगांनी संस्थानाच्या आतली जागोजागची रहदारी जकात मोडीत काढली आणि वसुलीचा भर सीमेवर आणला. इंग्लंडचं कापड मुंबईला उतरलं की तिथे इंग्रज सरकारचा कर, आणि आपल्या हद्दीत शिरलं की करोडगिरी. आपला कापूस बाहेर निघाला तरी करोडगिरी.

१९०० साली मनमाड–सिकंदराबाद रेल्वे झाली. औरंगाबाद, जालना, नांदेड तिच्यावर आले. पण मनमाडपर्यंत ब्रॉडगेज आणि तिथून पुढे मीटरगेज. म्हणजे मुंबईहून आलेला डबा आपल्याकडे येऊच शकत नव्हता. मनमाडला हमालांनी माल एका गाडीतून काढायचा आणि दुसऱ्या गाडीत भरायचा. जितक्या वेळा माल उघड्यावर, तितक्या वेळा तूट, चोरी आणि भांडण. जबाबदार कोण, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आलं. पण करोडगिरी लगेच गेली नाही. संस्थानाच्या उत्पन्नाचा तो मोठा आधार होता, म्हणून मूळ राज्यघटनेच्या कलम ३०६ मध्ये अशा राज्यांना करार करून काही वर्षं ही जकात चालू ठेवण्याची सवलत दिली होती. पन्नाशीच्या दशकात ती बंद झाली आणि आपली 'सरहद्द' दूर न्हावाशेवाच्या समुद्रापर्यंत सरकली.

सरहद्द सरकली, पण माल कुठे तपासायचा हा प्रश्न राहिलाच. १९८५ ला बजाजचा वाळूज कारखाना सुरू झाला. २००१ ला शेंद्र्यात स्कोडा आली. तिच्या गाड्यांचे सुटे भाग खोक्यांत बंद होऊन परदेशातून यायचे आणि इथे जोडले जायचे. आता असा कंटेनर बंदरातच उघडून, तपासून, कर भरून सोडवायचा म्हटलं, तर कारखान्याचा माणूस कायम मुंबईला बसवावा लागतो आणि बंदरातला मुक्काम वाढतो. त्यापेक्षा सील तसंच ठेवून माल आपल्या दारात आणावा आणि इथेच कस्टमची तपासणी व्हावी, हे सोयीचं. देशातला पहिला असा इनलँड कंटेनर डेपो १९८१ ला बंगळुरूला झाला. १९८८ ला कॉन्कॉर ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९८९ ला न्हावाशेवा बंदर सुरू झालं. नव्वदच्या दशकात मनमाडपासून आपल्यापर्यंत ब्रॉडगेज आली आणि दौलताबादजवळ माळीवाड्याला कॉन्कॉरचा डेपोही झाला.

आता खरी गोम. न्हावाशेवा ते इथपर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. कंटेनरमधल्या मालावर अजून एक रुपया कर भरलेला नाही. वाटेत कुणी सील तोडून माल विकला तर? सरकारचा कर बुडाला! म्हणून १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम ५४ मध्ये कर न भरता माल पुढे नेण्याची परवानगी आहे, पण अटींवर. त्या अटी १९९५ च्या नियमांत आहेत. माल नेणाऱ्याने कस्टमला बाँड लिहून द्यायचा : सील न तुटता माल ठरलेल्या ठिकाणी पोचवीन, न पोचल्यास रक्कम भरीन. त्यासोबत बँक गॅरंटी. नियमित वाहतूक करणारा एकच चालू बाँड देतो. माल निघाला की त्यातून रक्कम वजा होते, पोचल्याचा कस्टमचा दाखला जमा केला की परत मोकळी होते. दाखला वेळेत आला नाही तर बाँड अडकतो आणि पुढच्या गाड्या थांबतात.

बाँडची रक्कम कशी ठरते? एका वेळी सरासरी किती कंटेनर वाटेत असणार, त्यात अंदाजे किती किमतीचा माल, आणि दाखला यायला किती दिवस, यावर. म्हणजे रस्ता खराब, घाट जाम, कागद उशिरा, तर तितका मोठा बाँड लागतो. त्याच्या गॅरंटीसाठी बँक आधी ठेव मागते, तारण मागते. सरकारी कंपन्यांना आणि वर्षाला मोठ्या संख्येने कंटेनर नेणाऱ्यांना गॅरंटीतून सूट आहे. ज्याच्याकडे भांडवल त्याला सूट, ज्याच्याकडे दोन गाड्या त्याला ठेव!

परिणाम काय होतो? आपला लहान ट्रकमालक स्वतःच्या नावावर हा माल नेऊ शकत नाही. तो बाँडवाल्या मोठ्या कंपनीकडे गाडी अटॅच करतो. मोठ्या भाड्यातला मधला वाटा कंपनीचा, हप्ता आणि डिझेल याचं. ढाब्यावर सीलला धक्का लागला, तर कायद्यापुढे बाँडवाला जबाबदार असतो. पण पहिली चौकशी ड्रायव्हरची होते आणि भाडं ट्रकमालकाचं अडकतं.

समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर–शिर्डी आणि जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. जालन्याच्या ड्रायपोर्टचं भूमिपूजन डिसेंबर २०१५ ला झालं. आता ती योजना मल्टीमोडल लॉजिस्टिक पार्क म्हणून पुढे नेली जातेय. मालाची ये-जा वाढणार हे नक्की. पण त्यात आपल्या माणसाच्या वाट्याला फक्त स्टिअरिंग येणार का?

दोन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. एक, शहरातल्या पंचवीस-तीस ट्रकमालकांनी मिळून कंपनी काढावी आणि एकत्र बाँडसाठी अर्ज करावा. एकट्याला जड जाणारी ठेव पंचवीस जणांत वाटली तर पेलते. दोन, इलेक्ट्रॉनिक सील लावलेल्या गाडीला गॅरंटीत सवलत मागावी. कोलकात्याहून नेपाळला जाणाऱ्या कंटेनरवर असं सील वापरलं गेलंय. सीलला हात लागला की कस्टमला कळतं, मग नुसत्या ठेवीवर विश्वास मोजायचं कारण काय? जगातही हीच वाट आहे : टीआयआर नावाच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्यात भारत २०१७ ला सामील झाला, ट्रकवाल्याच्या मागे त्याची संघटना हमी म्हणून उभी राहते.

करोडगिरीच्या काळात नाक्यावर शिपाई उभा असायचा. आज त्याच्या जागी बँकेचा कागद आहे. तो कागद आपल्या लोकांच्या नावावर यावा, एवढंच मागणं आहे.

आमदार-खासदारांना आणि उद्योग संघटनांना हा प्रश्न विचारा. वाहतूक व्यवसायातल्या मित्रांनी आपला अनुभव खाली लिहावा. आणि कुणाच्या आजोबांनी करोडगिरी नाका पाहिला असेल, तर तीही आठवण जरूर सांगा.