जीप, स्कॉर्पिओ आणि मामांची सही

रविवारी दाजींसोबत जुनी स्कॉर्पिओ बघायला गेलो. घरात सात माणसं, वर्षातून दोनदा गडावर जाणं, शेताचा रस्ता कच्चा. म्हणजे मागं समोरासमोरच्या सीटवाली गाडीच पाहिजे. दाजी म्हणाले, "आपल्या नाशिकची गाडी आहे, डोळे झाकून घेऊ."

नाशिकची, हे खरंच. पण तिची गोष्ट सुरू होते युद्धात. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत विलीज जीप बनली. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या जीपा आपल्याकडे लोकांनी विकत घेतल्या. म्हणजे भारतातल्या कितीतरी पहिल्या खाजगी जीपा सेकंडहँडच! १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. १९४७ पासूनच मुंबईत विलीजचे सुटे भाग जोडून जीप तयार होत होती.

पुढे सातपूरला कारखाना आला, इगतपुरीला इंजिनं बनू लागली. १९९३ ची आर्माडा, २००० ची बोलेरो आणि जून २००२ मध्ये पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखालच्या टीमने केलेली स्कॉर्पिओ. सिडको-सातपूरमधल्या कितीतरी घरांचा संसार या गाड्यांवर उभा राहिला. खेड्यात मात्र ही गाडी लग्नाला, दवाखान्याला, मार्केटला सगळीकडे धावली आणि हातोहात विकली गेली.

खरी अडचण या 'हातोहात' मध्येच आहे.

१९९७ साली माझ्या मामांनी त्यांची जीप विकली. कोऱ्या टीटी फॉर्मवर सही दिली, पैसे मोजून घेतले, विषय संपला. गाडी पुढे आणखी दोघांकडे गेली. चार वर्षांनी चांदवडच्या घाटात अपघात झाला आणि कोर्टाचं समन्स आलं मामांना! कारण आरसी बुकावर नाव त्यांचंच. किती तारखा, किती हेलपाटे. मामी आजही 'जीप' शब्द काढू देत नाहीत.

ही मामांचीच चूक असं नाही, गावोगाव असंच चालतं. पण कायदा स्पष्ट आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडी कितीही हात फिरली असली तरी नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरतो.

रविवारची गाडी चांगली होती. इंजिन गुळगुळीत, चेसिसला गंज नाही. पण विकणारा तिसरा मालक आणि आरसीवर नाव पहिल्याचं. "सही आहे ना फॉर्मवर, नाव मागाहून करा," तो म्हणाला. दाजींनी माझ्याकडे बघितलं. आम्ही चहा पिऊन परत आलो.

घेणारे तर विचार करतातच. पण ज्यांनी गाडी विकलीय त्यांनी एकदा आरटीओत चौकशी करा. ती अजून तुमच्याच नावावर तर फिरत नाही ना?