कौशल्य की नशीब, एवढंच?

आमच्या विठ्ठलवाडीहून कल्याण एकच स्टेशन. तरी ‘कल्याण मटका’ आमचा नव्हे. तो १९६२ साली वरळीत आकडा सुरू करणाऱ्या कल्याणजी भगतांच्या नावाचा. १८८७च्या मुंबई जुगारबंदी कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट होती, आकड्याला नव्हती. याच सुटीवर पुढे ड्रीम११ उभं राहिलं. एप्रिल २०१९मध्ये मुंबई हायकोर्टानंही त्याला जुगार म्हणायला नकार दिला.

मला खटकतं ते वेगळंच. कोर्टात वर्षानुवर्षं वाद एकच: कौशल्य की नशीब? पण वॉलेटमधले आपले पैसे कसे सांभाळले जातात? तक्रार कुणाकडे करायची? कंपनीवर लक्ष कोण ठेवतं? केंद्रानं हे प्रश्न हाती घेतले ते थेट एप्रिल २०२३च्या नियमांत. केवायसी, ठेवींचं संरक्षण, तक्रार अधिकारी, सगळं कागदावर आलं. खेळ तपासून मान्यता देणार होत्या स्वयंनियामक संस्था. त्या संस्था कधी नेमल्याच गेल्या नाहीत.

मग ऑगस्ट २०२५. विधेयक २० तारखेला लोकसभेत मंजूर, २१ला राज्यसभेत, २२ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, मग कौशल्य असो वा नशीब. ड्रीम११नं पैशांच्या स्पर्धा थांबवल्या.

मटक्यावर बंदी पहिल्यापासूनच होती. तरी तो किती वर्षं चालला, हे आमच्या पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही.