आज्ञापत्रातील आंब्या-फणसाची झाडे

रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' आपल्या वर्गांत वाचले जाते ते बहुधा दुर्गप्रकरणासाठी, आणि अलीकडे रयतेची झाडे तोडू नयेत या प्रसिद्ध उताऱ्यासाठी. हा उतारा आता पर्यावरणाचा पाठ म्हणून ओळखला जातो. परंतु तो येतो कोठे? ग्रंथाच्या अखेरच्या, आरमारप्रकरणात. जहाजास फळी, सोट, डोलकाठी कोठून पुरवावी, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. आम्हांस वाटते, हा संदर्भ सुटला की उताऱ्याचे निम्मे बळ जाते.

गलबत बंदराला लागते ते गरजेपोटी. भोवती अथांग पाणी, पण पिण्याजोगे एक घोट नाही. तांदूळ सरतो, जळण सरते, दोरखंड झिजतात, फळ्या कुजतात. हे सारे जमिनीवरूनच मिळायचे. १६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. खाऱ्या समुद्राने वेढलेल्या त्या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. नावांतूनच त्या पाण्याचे अप्रूप कळते! किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबू नये, असे अमात्य दुर्गप्रकरणात बजावतात. जलदुर्गाच्या बाबतीत तो नियम आरमाराच्याही जिवाचा ठरतो.

पाण्याची सोय अशी होऊ शकते. पण बाकीच्या सामग्रीचे मोल कोणी द्यायचे? येथे अमात्यांचे गद्य फार नेमके होते. आरमाराचा खर्च बंदराच्या उत्पन्नावर टाकू नये, त्यास राज्यातून स्वतंत्र नेमणूक करून द्यावी, असे ते सांगतात. कारणही व्यवहाराचे आहे. आरमारकऱ्यांचे पोट बंदरावर अवलंबून राहिले, तर ते येणाऱ्या सावकाराला उपद्रव देतील. सावकार यायचा थांबेल आणि बंदर बुडेल. लाकडाचाही न्याय तोच. सागवानासारखी अरण्यातील झाडे हुजूरच्या परवानगीने तोडावीत, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसही जहाजाच्या कामाचे. पण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झाले असेल, तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन न्यावे. बलात्कार सर्वथा नको. शस्त्रधारी खलाशी किनाऱ्यावर उतरला की त्याच्या गरजेची जबरदस्ती व्हायला वेळ लागत नाही, हे अमात्यांनी ओळखले होते. करुणा आणि हिशेब येथे एकाच वाक्यात नांदतात. त्यांतले एक उचलून दुसरे टाकणे हे वाचन नव्हे.

१७१५ च्या सुमारास हे लिहिले गेले ते करवीरच्या संभाजी महाराजांच्या नावे. म्हणूनच पुढची हकीकत बोचते. मालवण आणि सिंधुदुर्ग करवीर राज्याकडे राहिले. पण तेथली लढाऊ गलबते येणाऱ्याजाणाऱ्या व्यापारी जहाजांच्या लुटीवर पोसली जाऊ लागली. इंग्रज कागदपत्रे त्यांना सरसकट चाचे म्हणतात. तो शब्द जेत्यांचा आहे आणि समुद्रावर परवाने लादण्याचा अधिकार इंग्रजांना तरी कोणी दिला होता, हे विचारले पाहिजे. तरीही व्यापाऱ्याच्या मालावर आरमार पोसू नये, हा घरचाच उपदेश बाजूला पडला होता, हे नाकारता येत नाही.

१७६५ मध्ये, जिजाबाईंच्या कारभारात, इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेवले आणि पुढे रक्कम व हमी घेऊन तो परत केला. लूट थांबली नाही. १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने करवीरकरांनी मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग कंपनीला कायमचे दिले. शिवाय लढाऊ जहाजे बाळगणार नाही आणि आपल्या बंदरांत सज्जही होऊ देणार नाही, असे लिहून दिले.