चेलोच्या सुरावर थरथरणारी ज्योत

१८५८ साली अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिनातील प्राध्यापक जॉन लेकॉन्ट यांनी एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचा उगम प्रयोगशाळेत नव्हे, एका घरगुती मैफलीत होता. पियानो, व्हायोलिन आणि चेलोवर बेथोव्हेनच्या रचना चालू असताना भिंतीवरच्या गॅसच्या दिव्याची ज्योत सुरांबरोबर थरथरत होती. चेलोच्या भक्कम सुरांना तर ती विशेष दाद देई.

पायांच्या धक्क्याने दिवा हलत असेल, असे म्हणून विषय सहज मिटला असता. लेकॉन्ट यांनी भिंती आणि जमीन ठोकून पाहिली. ज्योत ढळली नाही. कंप हवेतूनच येत होता. मात्र गॅसचा दाब ज्योत भडकण्याच्या काठावर असावा लागे. त्याहून कमी दाबाला तीच ज्योत बहिरी!

(हेच लेकॉन्ट पुढे यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यासाठी सोरा मिळवण्याच्या कामी लागले. बर्कलीच्या पदार्थविज्ञान इमारतीला दिलेले लेकॉन्ट बंधूंचे नाव त्यांच्या वंशवादी विचारांमुळे २०२० मध्ये उतरवण्यात आले. निरीक्षण अचूक असले म्हणून माणूस निर्दोष ठरत नाही.)

लंडनमध्ये विल्यम बॅरेट यांनाही हा चमत्कार स्वतंत्रपणे दिसला. ते ज्यांचे साहाय्यक होते, त्या जॉन टिंडल यांनी १८६७ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गाजवला. दूरच्या ऐरणीवर हलकी टकटक होताच २४ इंचांची ज्योत ७ इंचांवर येई. पण खरा निर्णायक प्रयोग दिसायला साधा होता: टिंडल यांनी आगच काढून टाकली. न पेटवलेला, धुराने दृश्य केलेला झोतही आवाजाने मोडला, उलट अधिकच सहज. म्हणजे ज्योत निमित्तमात्र. संवेदनशील होता तो झोत.

कारण लॉर्ड रॅले यांच्या गणिताने उलगडले. वेगवान झोत आणि स्थिर हवा यांच्या सीमेवरील प्रवाह मुळातच अस्थिर असतो. तोंडापाशी आवाजाने दिलेला सूक्ष्म धक्का पुढे वाढत जातो आणि त्याचे भोवरे होतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा झोताचीच; आवाज फक्त चिथावतो.

१९७१ मध्ये क्रो आणि शँपेन यांनी खवळलेल्या झोताला ध्वनिक्षेपकाने सूर दिला. कंपनसंख्येला तोंडाच्या व्यासाने गुणून वेगाने भागल्यास उत्तर सुमारे ०.३ येईल, अशा सुराला झोताने सर्वाधिक प्रतिसाद दिला. ज्याला निव्वळ गोंधळ समजले जाई, त्यात भोवऱ्यांची शिस्तबद्ध रांग होती.