थॅचरबाईंना न मिळालेली पदवी

मार्गारेट थॅचर यांना मिळालेल्या मानसन्मानांची यादी करायला बसलात तर एक पान सहज भरेल. पण मला विचाराल तर त्यात सगळ्यात जास्त बोलणारी नोंद आहे ती त्यांना न मिळालेल्या एका पदवीची. आधी मिळालेल्यांकडे धावतं बघून घेऊ.

नोव्हेंबर १९९० मध्ये बाईंना त्यांच्याच पक्षाने पंतप्रधानपद सोडायला लावलं. दोन आठवडेही झाले नव्हते आणि राणीने त्यांना 'ऑर्डर ऑफ मेरिट' दिला. हा सन्मान एका वेळी फक्त २४ जणांकडे असू शकतो आणि तो कुणाला द्यायचा हे गादीवर असलेले राजा किंवा राणी स्वतः ठरवतात, सरकारची शिफारस लागत नाही. सोबत यजमान डेनिस यांना बॅरोनेट ही पदवी जाहीर झाली. ही मात्र वंशपरंपरागत! २००३ मध्ये डेनिस गेले आणि ती मुलाकडे, मार्ककडे आली. त्याने काय केलं म्हणून, असं विचारायचं नसतं. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेचं 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम', १९९२ मध्ये लॉर्ड्स सभागृहात तहहयात जागा, १९९५ मध्ये 'ऑर्डर ऑफ द गार्टर'.

आता जरा मागे जाऊ. बाई मुळात रसायनशास्त्राच्या. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात शेवटच्या वर्षी त्यांनी क्ष-किरण स्फटिकशास्त्रावर काम केलं ते डोरोथी हॉजकिन यांच्या हाताखाली. हो, त्याच, ज्यांना १९६४ चं नोबेल मिळालं. हॉजकिन डाव्या विचारांच्या, अण्वस्त्रांच्या विरोधात जगभर फिरणाऱ्या. शिष्येचं राजकारण अगदी उलट्या टोकाचं. तरीही पंतप्रधान झाल्यावर बाईंनी आपल्या शिक्षिकेचं चित्र डाउनिंग स्ट्रीटवर लावलं होतं. १९८३ मध्ये रॉयल सोसायटीने बाईंना फेलो करून घेतलं. संशोधनासाठी नव्हे, त्यासाठी वेगळा नियम आहे. सोसायटीतल्या काही जणांना ते आवडलं नाही, पण झालं.

मग आला जानेवारी १९८५. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या प्रत्येक पंतप्रधानाला विद्यापीठाने मानद पदवी दिली होती. बाईंचंही नाव आलं. असे प्रस्ताव एरवी कुणाच्या लक्षातही न येता मंजूर होतात. पण अंतिम शब्द असतो 'काँग्रिगेशन'चा, म्हणजे तिथल्या अध्यापकांच्या सभेचा. त्यांनी मतदान मागितलं. पदवी द्यावी म्हणणारे ३१९, देऊ नये म्हणणारे ७३८.

का? तर १९८१ पासून विद्यापीठांच्या अनुदानाला मोठी कात्री लागली होती. त्याच्याही आधी परदेशी विद्यार्थ्यांना पूर्ण खर्चाइतकी फी लावायचं ठरलं होतं. आपल्याकडून तिकडे शिकायला जाणाऱ्यांनाही त्याची झळ बसली. (फेलोशिपची वाट बघत ज्यांनी मेसचं बिल थकवलंय, त्यांना हा राग समजावून सांगायला नको.) नाही म्हणणाऱ्यांत पुढे होते हृदयाच्या पेशींवर काम करणारे डेनिस नोबल. वर्षभरातच 'सेव्ह ब्रिटिश सायन्स' ही मोहीम उभी राहिली, तिच्यातही ते होते.

दुसऱ्या बाजूचा मुद्दाही फेकून देण्यासारखा नव्हता. देशाची पहिली महिला पंतप्रधान, तीही याच विद्यापीठाची. मान व्यक्तीचा आणि पदाचा आहे, धोरणाचा नाही, असं ते म्हणत होते. मला स्वतःला हे पूर्ण पटत नाही. पद सोडून निवांत बसलेल्या माणसाला पदवी देणं वेगळं, आणि तुमच्या प्रयोगशाळेचे पैसे या क्षणी कापणाऱ्याला देणं वेगळं. पण ज्या मुलीने किराणा दुकानाच्या वरच्या घरातून येऊन ऑक्सफर्ड गाठलं, तिला ते लागलं असणारच.

हॉजकिन यांना 'ऑर्डर ऑफ मेरिट' १९६५ मध्येच मिळाला होता, फ्लोरेन्स नाइटिंगेलनंतर दुसरी स्त्री म्हणून. म्हणजे १९९० पासून १९९४ मध्ये हॉजकिन जाईपर्यंत, त्या २४ जागांपैकी दोन गुरू-शिष्येकडे होत्या.

बाईंनी आपली सगळी कागदपत्रं पुढे केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजला दिली. त्यांच्यावर संशोधन करायचं असेल तर आज तिथेच जावं लागतं, ऑक्सफर्डला नाही.