संपर्कशोध : खासगीपणा आणि फसवणुकीची धास्ती (साखळी व उत्तर गोवा, कोविडकाळ)

साथीच्या रोगात बाधित माणूस कोणाकोणाच्या सहवासात आला हे शोधून त्या सगळ्यांना वेळीच अलग करणे, तपासणे आणि त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणे, याला संपर्कशोध म्हणतात. कोविडकाळात गोव्यात याचा मुख्य भार आरोग्य संचालनालयाच्या केंद्रांवर होता : डिचोली तालुक्यात डिचोली, साखळी आणि मये, तर पेडण्यात पेडणे आणि कासारवर्णे. या कामाभोवती लोकांच्या मनात दोन धास्ती होत्या. आपली माहिती गावभर होईल, ही पहिली. आणि फोनवर बोलणारा खरोखर आरोग्य खात्याचाच आहे कशावरून, ही दुसरी. पहिलीला खासगीपणाचा प्रश्न म्हणून कायदेपंडितांकडे आणि दुसरीला सायबर गुन्हा म्हणून पोलिसांकडे सोपवण्याची रीत पडली आहे. ही वाटणी चुकीची आहे. दोन्ही धास्तींचे मूळ एकच : शासनाने नागरिकाची ओळख बारकाईने मागितली, पण समोरून विचारणारा कोण हे पडताळण्याचे साधन नागरिकाच्या हाती दिले नाही.

गोव्यात पहिले तीन बाधित 25 मार्च 2020 रोजी सापडले. एप्रिलमध्ये तोवरचे सातही रुग्ण बरे झाले आणि 1 मे रोजी राज्य हरित क्षेत्र ठरले. जूनमध्ये वास्कोच्या मांगोर हिलवर साथ पसरली आणि तिचे धागे सत्तरी तालुक्यातल्या मोर्ले गावापर्यंत पोचले. पुढे आरोग्य खात्याच्या रोजच्या पत्रकात केंद्रवार ओळी असत : साखळीच्या नावापुढे फक्त उपचाराधीन रुग्णांचा आकडा. नाव नाही, घरक्रमांक नाही. शेजारच्या कर्नाटकात मार्च 2020 मध्ये अलगीकरणातल्या लोकांचे घरपत्ते सरकारनेच प्रसिद्ध केले होते. त्यापुढे गोव्याची ही पद्धत निश्चितच सभ्य होती. मात्र सुरुवातीच्या महिन्यांत पत्रकात केंद्राऐवजी गावांची, वस्त्यांची नावे येत आणि एखाद्या नावापुढे ‘एक’ असाही आकडा असे. मुंबईच्या प्रभागात हा एकजण हजारोंमध्ये लपतो. पंचवीस-तीस घरांच्या वाड्यावर मुंबईहून कोण परतले, कोणाच्या दारात रुग्णवाहिका थांबली हे सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे तिथे ‘एक’ हा आकडा म्हणजे नावच. लहान गावात निनावी आकडेवारी निनावी राहत नाही, ही गोष्ट शहरांसाठी आखलेल्या नियमांमध्ये कुठेच धरलेली नव्हती.

गावाच्या त्याच लहान आकाराची दुसरी बाजूही आहे. परिचारिका किंवा अंगणवाडी सेविका दारात आली की ओळखीचा चेहरा दिसतो. ती खरी की खोटी असा प्रश्नच उठत नाही. पण तिच्याबरोबर बातमीही वाड्यावर येते. फोनवरच्या चौकशीत शेजाऱ्यांना काही कळत नाही, मात्र विचारणाऱ्याची खातरजमा होत नाही. म्हणजे खात्री हवी तर गुप्तता सोडायची, गुप्तता हवी तर खात्री सोडायची, अशा पेचात माणूस सापडला. यातून सुटका करू शकणारी व्यवस्था अवघड नव्हती. इंग्लंडमध्ये चौकशीचे फोन एका जाहीर केलेल्या ठरावीक क्रमांकावरून येत असत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे 2020 मध्येच बजावले होते, की खरा संपर्कशोधक पैसे किंवा बँक खात्याचा तपशील कधीच मागत नाही.

आपल्याकडे उलट घडले. केंद्राचे आरोग्य सेतू हे अॅप 2 एप्रिल 2020 रोजी आले. 1 मेच्या आदेशाने ते नोकरदारांना सक्तीचे झाले आणि 17 मे रोजी ती सक्ती ‘शक्य तितका प्रयत्न’ इथवर सैल झाली. साधा फोन असणाऱ्यांसाठी 1921 हा क्रमांक होता : मिस्ड कॉल द्यायचा, मग उलट फोन येणार आणि यंत्र ताप-खोकल्याची चौकशी करणार. हेतू चांगलाच होता. पण त्यातून समाजाला सवय लागली ती अनोळखी आवाजाला आजाराची माहिती देण्याची. भामट्यांना याहून अधिक काय हवे होते? आरोग्य सेतूच्या नावाने बनावट अॅप फिरली. पंतप्रधानांच्या पीएम केअर्स निधीच्या यूपीआय पत्त्यातले शेवटचे एक ‘एस’ अक्षर गाळून देणग्या वळवणारे खाते निघाले. जून 2020 मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने मोफत चाचणीचे आमिष दाखवणाऱ्या खोट्या सरकारी ईमेलबद्दल इशारा दिला. लसीकरण आले तेव्हा नोंदणीच्या नावाखाली आधार क्रमांक आणि ओटीपी विचारणारे फोन सुरू झाले. युक्ती प्रत्येक वेळी एकच होती : सरकारी विचारणेची हुबेहूब नक्कल.

यावर पहिला आक्षेप असा, की माणसे मरत असताना खासगीपणाचे लाड कसले? आक्षेप हलका नाही. संसर्ग न सांगण्याची किंमत इतरांना मोजावी लागते. पण संपर्कशोध माणसाच्या तोंडून आलेल्या माहितीवर चालतो, आणि धाक बसला की माणूस नावे गाळतो. 1897 च्या पुण्याच्या प्लेगमध्ये सोल्जरांनी घरे धुंडाळली तेव्हा लोकांनी आजारी माणसे लपवली. त्याच वर्षीच्या साथरोग कायद्याचे अधिकार वापरा, असे केंद्राने मार्च 2020 मध्ये राज्यांना सांगितले. दक्षिण कोरियात मे 2020 मध्ये सोलच्या इतेवॉन भागातल्या समलिंगी क्लबांशी साथ जोडली गेली, तेव्हा बदनामीच्या भीतीने लोक पुढे येईनात. प्रशासनाने नाव न विचारता चाचणी सुरू केली. त्यामागे रोग पकडण्याचा रोखठोक हिशेब होता.

दुसरा आक्षेप : भामटे काय, लॉटरीच्या आणि बँकेच्या नावानेही फसवतात, त्याचा दोष संपर्कशोधाला का? कारण लॉटरीचा फोन बंद करता येतो. आरोग्य खात्याचा फोन टाळणे हा मात्र गुन्हा ठरेल, असे वातावरण तेव्हा होते, आणि घाबरलेला माणूस पडताळणी करत नाही. आरोग्य सेतू अॅपमुळे माणसे सावध झाली, हेही खरेच. 11 मे 2020 पर्यंत सुमारे 1.4 लाख लोकांना सूचना गेल्याचे सरकारने सांगितले. उपयोग होता, म्हणून तर विश्वास जपणे अधिक गरजेचे होते. सिंगापूरमध्ये संपर्कशोधाच्या अॅपमधली माहिती केवळ साथीसाठी असे सांगितले होते. जानेवारी 2021 मध्ये ती पोलिसांनाही मिळू शकते हे उघड झाले आणि संसदेला घाईने मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. भारतात तर ऑक्टोबर 2020 मध्ये आरोग्य सेतू नेमके कोणी बनवले याचे धड उत्तर मिळेना, म्हणून केंद्रीय माहिती आयोगाने अधिकाऱ्यांना कारणे दाखवा नोटीस काढली.

पडताळणीचे तंत्रज्ञान हाताशी नव्हते असेही नाही. लसीच्या प्रमाणपत्रावर क्यूआर कोड होता, म्हणजे नागरिकाचा कागद खरा की खोटा हे शासनाला क्षणात कळत होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या आदेशाने 10 मे 2021 पासून गोव्यात यायला चाचणीचा नकारात्मक अहवाल लागू लागला. पत्रादेवी, दोडामार्ग, केरी इथल्या नाक्यांवर प्रवाशाचे कागद तपासले जात.  फोन करणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र असा तपासता येणारा कोड किंवा जाहीर क्रमांक नव्हता. सरकारी आणि वित्तीय संस्थांच्या फोनसाठी 160 ने सुरू होणारी वेगळी क्रमांकमालिका दूरसंचार विभागाने जाहीर केली ती मे 2024 मध्ये.

कायद्याच्या बाजूला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017 मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले होते. 25 जानेवारी 2021 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने माहितीपूर्ण संमतीशिवाय आरोग्य सेतूमधली आरोग्यविषयक माहिती इतरत्र देण्यास अंतरिम मनाई केली. ऑगस्ट 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा साथीच्या काळातल्या आरोग्यसेवेसाठी संमतीची अट सोडतो. अशी सूट समर्थनीय आहे. पण संमती नको म्हटल्यावर विचारणाऱ्याने आधी स्वतःची ओळख सिद्ध करावी, ही अट त्या कलमात यायला हवी होती. ती तिथे नाही.